मोंढ्यातल्या लक्ष्मीचे डोळे

वडिलांना, दादांना, जाऊन आठवडा झाला होता. रविवारी बदनापूरला घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि त्यांच्याविषयी मी बोलायचं, असं थोरल्या काकांनी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही त्यांनीच ठरवलं. "डोळ्यांचं सांग," म्हणाले. "लोकं त्याच्यासाठीच येत्यात."

डोळ्यांची गोष्ट आमच्या वस्तीत लहान पोरांनाही पाठ होती. दादा पाट्या रंगवायचे. धर्मांतरानंतर दोनेक वर्षांनी जालन्याच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याने दारावर गजलक्ष्मी काढायला त्यांना बोलावलं. दादांनी हत्ती काढले, कमळ काढलं, लक्ष्मी काढली, आणि डोळ्यांची जागा कोरी ठेवून शिडीवरून उतरले. "डोळे उघडले की देव होतो, आन देव करायचं मी सोडलंय," असं शेठला म्हणाले. मग डोळे दुसऱ्या कुणी काढले. हे मी कागदावर नीट उतरवून ठेवलं होतं.

मी जालन्याच्या शाळेत शिकवत होते. त्या शनिवारी चित्रकलेचे सर सगळ्या शिक्षकांना बाजारपेठेतली भित्तिचित्रं दाखवायला नेणार होते. मी सुट्टी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "पायीच तर फिरायचंय, बाई. तेवढंच मन रमेल." माझं मन रमवायची घाई झालेल्या लोकांचा मला त्या आठवड्यात फार राग येत होता.

सर पुढे, हातात वर्गातली छडी. एका दारावरचे मोर, एका माडीवरची वेलबुट्टी, असं दाखवत आम्ही मोंढ्यात शिरलो. पोती वाहणारा एक हमाल आमच्यामुळे अडला. "वर काय बघून राह्यले? कौलं गळून राह्यली का?"

"मास्तर लोक हायेत," दुसरा म्हणाला. "ह्यांना शनिवार बी बराबर घालवता येत न्हाई."

सर एका दारापुढे थांबले. गजलक्ष्मी. ती मी कधीच पाहिली नव्हती. तिकडं जायचं काम न्हाई, असं दादा म्हणायचे, आणि असल्या दारांखाली आपण उभं राहत नाही, असं मलाही वाटायचं.

"बघा," सर म्हणाले, "नाव नाही, गाव नाही. या लोकांना नावाची हावच नसते."

"नाव होतं," मी म्हणाले. "हे माझ्या वडिलांनी काढलंय."

एका बाईंनी पदर सावरला. आम्ही कोण ते आठवलं की काही जण असं काहीतरी सावरतात. सर हसले. "असेल, असेल. पण यात खरं बघण्यासारखे आहेत ते डोळे."

"डोळे त्यांचे नाहीत. त्यांनी नकार दिला होता."

गादीवरचे म्हातारे मुनीम उठून बाहेर आले. "बदनापूरच्या पेंटरची पोरगी का तू? नकार दिल्ता, खरं हाय. दोन दिवस लई वाद झाला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो, तर हा शिडी लावून वर. मी म्हणलं, काय रे, झाला का राजी? तर म्हणला, मुनीमजी, असं आंधळं ठेवून झोप लागून न्हाई राह्यली. बाईमाणूस हाय, डोळे तरी असू द्या."

"खोटं आहे."

"मला काय मिळायचंय खोटं बोलून?"

मी वर पाहिलं. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होता. दादांच्या हातची सगळी माणसं तशीच असायची. त्याच वर्षी दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारी त्यांनी हसरं कुटुंब काढलं होतं, त्या चौघांचेही डोळे तसेच होते. आई म्हणायची, तुमची सगळी माणसं एकाच घरची दिसत्यात.

"म्हणजे डोळ्यांचं मी म्हणालो ते बरोबर," सर म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले. त्यांचा राग आला, मुनीमांचा आला. पण सगळ्यात जास्त दादांचा. आम्हाला एक गोष्ट देऊन ते अठरा वर्षं गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी कागद माझ्या हातात होता. वाचला असता तर मोंढ्यात जाऊन कुणी खरंखोटं विचारलं नसतं. मी दादांच्या शिडीविषयी बोलले, रंग घोटण्याविषयी बोलले. काका मागून म्हणाले, "डोळ्यांचं सांग."

"डोळे त्यांनीच काढले," मी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन." मुनीमांचं बोलणं मी शब्दाला शब्द सांगितलं.

काका उभे राहिले. "मेलेल्या माणसाची अब्रू भर सभेत काढायला शिकली का तू?"

"आत्ताच पंचशील घेतलं आपण, काका. त्यात खोटं बोलायचं नाही असं होतं ना?"

त्यांनी चपला घातल्या. त्यांच्यामागे निम्मी माणसं उठली. राहिलेल्यांना आई वाढत होती. माझ्या पत्रावळीपाशी आली. "घरात सांगितलं असतंस तर चाललं असतं," म्हणाली, आणि भात घालून पुढे गेली.

काका पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. मीही त्यांना बोलवायला गेले नाही.