बोटानं ऐकणारा पुंजाराम

जामखेडच्या बाजारतळाला लागून पिठाची गिरणी आहे. तिच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची टपरी, आणि टपरीत पुंजाराम. तिथं फक्त जुने मोबाईल दुरुस्त होतात. कुणी नवा घेऊन गेलं तर तो म्हणतो, "ह्याला अजून काय धाड भरलीय, चार वर्सांनी या."

वय पन्नाशीच्या पुढं. कानानं ठार. सोळाव्या वर्षी तो बोअरच्या गाडीवर कामाला लागला. आमच्याकडं पाणी खोल, त्यामुळं त्या गाडीला बारा महिने काम. अठरा वर्षं तो मशीनपाशी उभा राहिला. किती ठिकाणी पाणी लागलं ते तो सांगत नाही, कान मात्र गेले. लेकीनं कानातलं मशीन घेऊन दिलंय, ते ड्रॉवरमध्ये स्क्रूच्या डबीत पडून असतं. घातलं की शिट्टी वाजते म्हणतो. गिरणीच्या घरघरीमुळं ती जागा कुणी घेत नव्हतं, त्याला तर ती मानवलीच.

बहिरा माणूस मोबाईलचा आवाज कसा दुरुस्त करतो? बोट ठेवून. आवाजाच्या बारीक जाळीवर तो डाव्या हाताचं मधलं बोट टेकवतो आणि डोळे मिटतो. आवाज फाटलाय का दबलाय, का जाळीत पीठ बसलंय, ते बोटाला समजतं. शब्द तेवढे समजत नाहीत. शब्दांसाठी शेजारी रंगुबाई आहे, मिरच्या विकते. गिऱ्हाईक नसलं की तिनं मोबाईल कानाला लावायचा आणि हातानं खूण करून सांगायचं.

दुसरी अडचण अशी की त्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो बोअरवर बोलल्यासारखा बोलतो. एका चेअरमनला तो म्हणाला, "सायेब, सहाशे फोटू एकाच बाईचे हायेत, जागा कशी ऱ्हाईल?" ती त्यांची बायकोच होती, पण हे कळेपर्यंत बाजार दोनदा हसून झाला होता.

मी त्याच्याकडं गेले फाल्गुनात. आमचे मालक पौषात गेले होते.

मी रडले नव्हते. रडायचं नाही असं ठरवलं नव्हतं, आलंच नाही. दहाव्याला बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मीच त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला. भावकीत कुणीतरी म्हणालं, मालनबाई दगड हाय. मला त्याचाही राग आला नाही. भाकरी थापत होते, शेळीला पाणी दाखवत होते, रात्री झोप लागत होती. आंगणात कुणी खाकरलं तर मान वळायची, तेवढंच.

माझी नात धनश्री पुण्याला नर्सिंग शिकते. दिवाळीला आली होती तेव्हा तिनं आजोबांचा व्हिडिओ काढला आणि साफ दिसावा म्हणून मूळचा होता तसाच माझ्या मोबाईलवर पाठवला. संक्रांतीनंतर तिचा मोबाईल होस्टेलवर बादलीत पडला, तो गेलाच. म्हणजे मालकांचं हलतं-बोलतं चित्र आता एकाच ठिकाणी राहिलं, माझ्या सात वर्षांच्या, काचेला तडा गेलेल्या मोबाईलमध्ये. आणि तिथं ते दिसत नव्हतं. व्हिडिओ लावला की पडदा काळा. आतनं एखादा शब्द यायचा, अडकायचा, मग मोबाईल आपला आपण बंद पडून परत चालू व्हायचा.

भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. त्याच्याकडं बघून मला काही होत नव्हतं. हलताना दिसले तर होईल, असं वाटायचं. होईलच असंही नाही. पण एकदा बघायचं होतं.

धनश्रीनं फोनवर बजावलं होतं, "आज्जी, वाटंल त्याच्या हातात देऊ नको. पुसला गेला तर परत न्हाई मिळायचा." म्हणून बाजाराच्या दिवशी मोबाईल रुमालात बांधून, रुमाल पिशवीत आणि पिशवी पोटाशी धरून गेले.

पुंजारामनं तो हातात घेतला, तडा बघितला, पाठीमागनं गरम लागतो का बघितलं. "मावशी, काय होतंय?"

मी काळी काच दाखवली, हात हलवून नाही म्हटलं. मग कानाला हात लावून थोडं थोडं म्हटलं.

"आवाज येतो, चित्र न्हाई," तो म्हणाला. सगळ्या बाजाराला ते ऐकू गेलं. "कुणाचा व्हिडिओ हाय?"

मी कपाळाकडं बोट केलं. तिथं आता कुंकू नाही. मग त्यानं त्याच्या मानानं हळू आवाज काढला, "आधी तेवढा बाहेर काढून घेतो. मग बाकीचं."

टपरीत एक जुना कॉम्प्युटर आहे. वायर जोडून त्यानं व्हिडिओ तिकडं उतरवून घेतला आणि मला बोटानं दाखवला, हा बघा, आला. मग मोबाईल उघडून बघायला लागला आणि हसला.

"मावशी, हितं तर समदं देवच भरल्यात. मोबाईलला श्वास घ्यायला जागा न्हाई."

खरं होतं. आमच्या भजनी मंडळाचा ग्रुप आहे. पहाटे पाचपासून एकेकीचे देव येतात. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, मधीआधी कानिफनाथ. ते मी पुसत नव्हते. देवाचा फोटो पुसायचा म्हणजे काय? घरातला फाटका फोटोसुद्धा आपण कचऱ्यात टाकत नाही, नदीत सोडतो.

मी मान हलवली. नको म्हटलं.

रंगुबाई मिरच्यांच्या पोत्यावरनं म्हणाली, "मालनआक्का, भिऊ नको. त्यो पुसत न्हाई. त्याच्याकडं सोय हाय."

पुंजारामनं ड्रॉवरमधनं काडेपेटी काढली. आत कापसावर नखाएवढी तीन कार्डं. बायाबापड्यांच्या मोबाईलमधले देव तो आधी अशा कार्डात उतरवून घेतो, मग मोबाईलमधनं काढतो. कार्ड भरलं की विंचरणा नदीत सोडायचं.

"कवा सोडता?" मी तोंडानं मोठं मोठं बोलून विचारलं. ओठ बघून त्याला बरंच समजतं.

"नदीला पाणी आलं की. दोन वर्सं झाली, तिघं बी वाट बघत बसल्यात." मग हात जोडून त्यानं माझे चार हजारावर देव चौथ्या कार्डात घातले. मोबाईल जरा हुशार झाल्यासारखा दिसला. पण व्हिडिओ अजून काळाच.

"आता खरं दुखणं," तो म्हणाला. "नव्या मोबाईलनं चित्र लई दाबून गाठोडं बांधलेलं असतं. तुमच्या जुन्याला ती गाठ सुटत न्हाई. आवाजाची गाठ साधी असती, ती सुटती. म्हणून आवाज येतो आन् चित्र येत न्हाई. मी गाठोडं सोडून जुन्या पद्धतीनं बांधतो."

कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. गिरणीतनं ज्वारीचा वास येत होता. पट्टी भरली तेव्हा त्यानं नवा बांधलेला व्हिडिओ मोबाईलमध्ये घातला आणि लावला.

मालक दिसले. ओट्यावर बसलेले, मांडीवर दोरासाठी सोललेला अंबाडीचा वाक, हातात अर्धं वळलेलं दावं. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. ते फडकं मी नंतर धुऊन ठेवलंय.

मी बघत राहिले. काही झालं नाही. बरं झालं, दिसले, असं मनात आलं, आणि तेवढ्यावरच राहिलं.

"आता काम अर्धं झालं," पुंजाराम म्हणाला. "जुन्या मोबाईलात चित्र मागं पडतं, आवाज फुडं पळतो. माणूस आधी बोलतं आन् तोंड मागनं हालवतं. ते मला ऐकू येत न्हाई. रंगुताई, या जरा."

रंगुबाईपुढं चार बाया मिरची निवडत बसल्या होत्या. तिनं दोन्ही हात वर केले. "आक्कालाच म्हणायला लाव की. तिच्याच माणसाचं हाय."

"मग मावशी, असं करा. आतनं जे ऐकू येईल ते लगोलग मोठ्यानं म्हणा. मी तुमच्या तोंडाकडं बघतो आन् त्यांच्या तोंडाकडं बघतो. दोन्ही संगं हाललं पायजे."

त्यानं मोबाईल वर धरला. बोट जाळीवर. व्हिडिओ सुरू झाला.

"झालं का चालू?" मालक म्हणाले. "झालं का चालू," मी म्हणाले.

पुढं ते कचेरीत जबाब द्यावा तसे ताठ बसले आणि म्हणाले, "मी आसाराम, राहणार ह्याच वस्तीवर."

मी म्हणाले, "मी," आणि थांबले. "राहणार ह्याच वस्तीवर."

पुंजारामनं व्हिडिओ बंद केला. "अडकलं. त्यांचं तोंड हाललं आन् तुमचं हाललं न्हाई. तिथं आवाज तुटतोय."

"तुटत न्हाई," मी म्हणाले. त्याला समजलं नाही. तो परत कॉम्प्युटरकडं वळला आणि त्यानं गाठोडं आणखी लहान बांधायला घेतलं. चित्र बारीक केलं, परत पट्टी, परत मोबाईल. परत मी त्याच जागी थांबले. तिसऱ्या वेळी तो स्वतःवरच चिडला. "माझ्या हातनं असं कदी होत न्हाई."

रंगुबाई मिरच्या सोडून आली. एवढी हसली की ठसका लागला. "आरं बहिऱ्या, मोबाईल न्हाई अडकत, बाई अडकती. ती नवऱ्याचं नाव कशी घील?" मग मला म्हणाली, "आक्का, उखाणा घे म्हणजे सुटंल."

निवडणाऱ्या बायाही थांबल्या. लग्नात एकदा नाव घेतलं होतं, नंतर नातवाच्या बारशाला. मधी कधी नाही. मतदानाच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव विचारलं तरी मी चिठ्ठीच पुढं करायचे. पण पुंजारामनं तीनदा गाठोडं बांधलं होतं, चौथ्यांदा बांधायला लावणं बरं नव्हतं. उखाणा आठवेना.

"लाव," मी म्हणाले.

"मी आसाराम, राहणार ह्याच वस्तीवर." मीही तेच म्हणाले. सरळ, भाजीचं नाव घ्यावं तसं. पुंजारामची मान हलली. जुळलं.

मालक दावं वर धरून म्हणाले, "हे शेळीचं हाय. तुझी आज्जी म्हणती इकत आन. इकतच्याला पीळ नसतो." मी म्हणत गेले. "चहा लई गोड करती. शुगर मला हाय, तिला न्हाई." बाया हसल्या. मग त्यांनी मान दाराकडं वळवली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "ये की. तू बी बस हितं. चित्र काढतीया पोरगी."

तेवढंही मी म्हणाले. पुंजाराम दोन्ही तोंडं बघत होता. मग मी थांबले. मोबाईलमध्ये मालकांचं तोंड मिटलेलं, दाराकडं बघत होते. पुंजारामच्या कपाळाला आठी पडली. बोट त्यानं आणखी दाबलं.

"मावशी, हितं हाय बघा गडबड. त्यांचं तोंड बंद, आन् बोटाला आवाज लागतोय. कुणीतरी बोलतंय. परत बांधावं लागंल."

"नको," मी म्हणाले.

"जुळत न्हाई म्हणतो मी."

"जुळतंय." मी त्याच्यासमोर वाकून ओठ हलवले, म्हणजे त्याला दिसावं. "ती मी हाय. आतनं बोलतीया. चित्रात न्हाई मी."

"तुमी? काय म्हणताय?"

ते मी विसरून गेले होते. मोबाईल कायम आधीच अडकायचा, त्यामुळं तिथवर कधी पोचलेच नव्हते. सगळा बाजार ऐकत होता असं नाही, पण रंगुबाई ऐकत होती, मिरच्या निवडणाऱ्या बाया ऐकत होत्या.

"म्हणतीया, मला येळ न्हाई. पीठ मळायचंय."

पुंजारामनं बोट उचललं. व्हिडिओ संपला होता. त्यानं मोबाईलची काच शर्टानं पुसली, रुमालात त्यानंच बांधला आणि माझ्या हातात दिला. रंगुबाईनं बायांना विचारलं, "घ्यायच्यात का नुसत्या निवडायच्यात?" आणि बाजार परत सुरू झाला. मला रडू आलं नाही. तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून गिरणीतनं तांब्याभर पाणी मागून प्याले.

निघताना तो म्हणाला, "मावशी, बाजारच्या दिवशी येत जावा की. रंगुताईला गिऱ्हाईक असतं. मला कानाला माणूस लागतं."

तेव्हापासून मी जाते. टपरीपुढं उलट्या डब्यावर बसते. लोकांच्या लग्नातले, बारशातले, ऊसतोडीला गेलेल्या लेकरांचे व्हिडिओ येतात. जे ऐकू येतं ते मी म्हणते आणि पुंजाराम दोन तोंडं बघतो. कुणाचं नाव आलं तरी आता मी थांबत नाही. नदीला यंदाही पाणी आलेलं नाही. काडेपेटीत पाचवं कार्ड आलंय.

दर बाजाराला तो माझा मोबाईल मागून घेतो, पाठीमागनं गरम लागतो का बघतो.

"मालकांचा व्हिडिओ चालतोय न्हवं शेवटपातूर?"

"चालतोय," मी म्हणते.

रोज लावते मी तो, शेळीला पाणी दाखवून आले की. ते जागा झाडतात तिथवर बघते आणि बंद करते.