पास होण्याची सवय

नवऱ्याला बहिरा ठरवायला मी कंबर कसली, तेव्हा मी नोकरी करते त्या शाळेतल्या बायका माझ्याकडे चमकून बघायला लागल्या. 'अहो, लोक लपवतात असलं,' एक म्हणाली. लपवूनच तर इथवर आलो होतो, बाई.

हे सुरतेजवळच्या हजीरा बंदरात येणाऱ्या मालवाहू जहाजांवर, इंजिनच्या खोलीत कामाला. त्या धडधडाटात निम्मं आयुष्य गेलं आणि कानही गेले. पण जहाजावर चढण्याआधी दर वेळी डॉक्टर तपासतो, आणि नापास झालेला माणूस घरी बसतो. म्हणून यांनी एक विद्या कमावली. कानाला यंत्र लावून डॉक्टर बटण दाबतो, आवाज आला की आपण बोट वर करायचं. हे कशाला आवाजाची वाट बघतील? बटण दाबताना डॉक्टरचा खांदा किंचित हलतो, तो हलला की यांचं बोट वर. ही विद्या जहाजावरचे जुने लोक नव्यांना शिकवायचे, अगदी प्रेमाने.

मग एकदा वरून लोखंड सुटलं. मागून सगळे ओरडले, यांना पत्ताच नाही. थोडक्यात वाचले. कंपनीने जहाजावरून उतरवून घरी पाठवलं. कामापायी कान गेले असतील तर भरपाई मिळते, पण तसं कंपनीच्याच डॉक्टरने म्हणायला हवं. माझ्या एकटीच्या पगारात घरभाडं आणि सासूबाईंची औषधं भागली तरी पुष्कळ, त्यामुळे ती भरपाई मिळाली नसती तर आम्ही सुरत सोडून धुळ्याला दिरांच्या दारात उभे राहिलो असतो.

महिनाभर मी यांना पढवलं. ऐकू आलं नाही तर बोट हलवायचं नाही, एवढंच. हे मान डोलवायचे. तपासणीच्या दिवशी बघते तर गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. मुलगी बघायला निघाल्यासारखे. मला तिथेच धडकी भरली.

आणि व्हायचं तेच झालं. डॉक्टरचा खांदा हलला की बोट वर. मेलं एकदाही चुकलं नाही. मी कोपऱ्यातून डोळे वटारतेय, पण यांचं लक्ष खांद्यावर. यंत्र काढत डॉक्टर मला म्हणाले, 'बेन, एमना कान तो सरस छे. मग भरपाई कशाची मागताय?' त्यांचे ओठ वाचून हे माझ्याकडे बघत हसले. पहिला नंबर आल्यासारखे खूश.

माझं टाळकंच सटकलं. 'साहेब, यांना भिंतीकडे तोंड करून बसवा,' मी म्हटलं, 'आणि परत दाबा बटण.'

डॉक्टरांना गंमत वाटली असावी. त्यांनी यांना खुर्चीसकट फिरवलं, यंत्र पुन्हा कानाला लावलं आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आवाज वाढवत नेला. हे ताठ बसलेले, बोट तयार ठेवून. बोट काही वर जाईना. शेवटी डॉक्टरांनी बटण सोडलं, पेन उचललं, लिहायला घेतलं. हे तसेच भिंतीकडे बघत बसलेले.

जिंकले होते मी. आणि मला रडू आवरेना. डोळे पुसून मी यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा हे वळले.

'काय गं,' यांनी हळूच विचारलं, 'सुरू कधी करणार?'