हसण्याआधीचा चेहरा

फोटोसाठी कुणी समोर उभं राहिलं की शेजारचे आजोबा हात आडवा करायचे. "हसू नका हं. तोंड आहे तसं राहू द्या." आमच्या लेकीच्या वाढदिवसाला सगळी मराठी मंडळी दात काढून उभी, आणि कॅमेऱ्यामागून यांचा दम. बायको म्हणायची, "आजोबांना पासपोर्ट ऑफिसात बसवा."

तुम्हीही असे शेजारी पाहिले असतील. टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या इमारतीत ते शेजारच्या दारात एकटे राहत. मी त्यांना ओजीसान म्हणायचो, म्हणजे आजोबाच. नजर अधू झालेली. कडेचं दिसायचं, मधोमध धुकं. मी पुण्याहून एका कॅमेरा कंपनीत काँट्रॅक्टवर आलेलो. माणूस हसला की आपोआप फोटो निघावा, ते सॉफ्टवेअर तपासायचं काम. हे ऐकून त्यांचा चहाचा पेला हातातच राहिला.

"म्हणजे मशीनसुद्धा हसण्याची वाट बघत थांबणार? माझ्यासारखं?"

युद्धात ते वर्तमानपत्राचे फोटोग्राफर होते, वयाची विशीही गाठली नव्हती. बॉम्बर विमानं उडण्याआधी त्यांतल्या जवानांचे फोटो काढायचे. पेपराला हसरे चेहरेच हवे असत. एका जवानाचे ओठ थरथरत होते. यांनी दरडावलं, "हस!" तिसऱ्या वेळी तो हसला. ते विमान परतलं नाही. छापून आलेला हसरा फोटो योकोहामाला त्याच्या बहिणीच्या देवघरात होता.

पण तो हसण्याआधी एकदा चुकून खटका दाबला गेला होता. ती निगेटिव्ह त्यांनी साठ वर्षं लपवली होती.

"मोठी करून द्या, जोशी-सान. त्याच्या बहिणीला दाखवून माफी मागायचीय."

स्क्रीनवर तो चेहरा आला. डोळे सरळ माझ्यावर. तेव्हा आमच्या ऑफिसातून दर आठवड्याला कुणीतरी भारतात परत पाठवला जात होता. रोज सकाळी आरशात मला तसेच डोळे दिसायचे. बघवेना. म्हातारीला कशाला हे, अशी स्वतःची समजूत घातली, डोळ्यांतली भीती जरा पुसली, ओठांची टोकं केसभर उचलली. हात सरावलेला होता.

पाकीट घेताना त्यांनी विचारलं, "भ्यालेला दिसतोय ना?"

"हो," मी म्हणालो.

योकोहामाहून परतले ते जिन्यातच बसले. "मी तिला सगळं सांगितलं. ती फोटो बघून म्हणाली, 'नाही हो, इथंही शांतच आहे की. तुम्ही उगाच जीव जाळलात.'" मग माझी बाही धरली. "मला चुकीचं आठवतंय का? तुम्ही पाहिलात ना तो?"

एक वाक्य पुरलं असतं. पण या माणसाच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली.

"असेल," मी म्हणालो. "वय झालंय तुमचं."

त्या हिवाळ्यात ते गेले. निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. ते जाण्याच्या महिनाभर आधी शाळेतली मुलं वह्या घेऊन त्यांच्या दारात आली होती, युद्धाच्या आठवणी विचारायला. मी माझ्या दाराआड उभा राहून ऐकत होतो.

"दुसऱ्या कुणाला विचारा, बाळांनो," ते म्हणाले. "मला नीट आठवत नाही."