पोटाचं माप

मास्तरांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच माझ्या कमरेला टेप पडली होती. तोंडात पंचवीस-तीस टाचण्या, त्यामुळे माणूस बोलतोय की साळिंदर, तेच कळेना. टेप एवढी लांब, की स्टुडिओला वळसा घालून वर गाठ मारता आली असती. ती सगळी माझ्यावर संपवून मास्तर टाचण्यांतून म्हणाले, "तुम्ही मालिकेचे लेखक ना? मग ठीक आहे. बसूनच काम असतं."

एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीतल्या खादाड मामांवर आमची विनोदी मालिका होती. मामांचं पोट दारातून आधी आत येतं आणि मामा सवडीनं, असं कादंबरीतच लिहिलेलं. आमचा नट मात्र काडीपैलवान. म्हणून कपडेपटाच्या मास्तरांनी बनियनला जोडून कापसाचं पोट शिवलं. हसताना ते हलायचं, धावताना जरा मागे राहायचं. अख्ख्या मालिकेत खरा अभिनय त्या पोटाचाच, असं मी नटाला तोंडावर सांगायचो. तोही हसून मान डोलवायचा.

दर सोमवारी मास्तर नटाचं माप घेऊन पोट त्याच्या अंगाशी बेतून द्यायचे. एका सोमवारी मी पडद्याआड चहा पीत होतो.

"किती, मास्तर?"

"दीड इंच."

"वाढलं?"

"उतरलं. मागच्या सोमवारीही उतरलं होतं. डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, शूटिंग सोडा, ॲडमिट व्हा. सव्वीस भाग होऊ द्या हो. आयुष्यात पहिल्यांदा लोक रस्त्यात ओळखायला लागलेत. तुम्ही कापूस भरा, बोलू नका."

मास्तर बोलले नाहीत. मीही बोललो नाही. माझे सहा भाग लिहायचे होते. घेर तेवढाच राहिला, आतला कापूस वाढत गेला. मग दंडांनाही कापूस लागला. 'मामा काय छान सुटलेत!' अशी प्रेक्षकांची पत्रं येत होती.

बाविसाव्या भागानंतर नट गेला. फोन आला तेव्हा मास्तर कुणाच्या तरी पँटला खालून टाके घालत होते. "हं," म्हणाले आणि दुसरा पाय घेतला.

मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला नंतर म्हणाल्या, "त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नव्हतं मी. एरवी ताट सरकवतात. त्या दिवशी दोनदा वाढून घेतली."

"मास्तर, आपण कुणाला तरी सांगायला हवं होतं," मी एकदा म्हणालो.

त्यांनी टेप गुंडाळली. "साडेआठ इंच," म्हणाले. "एकूण."

उरलेले चार भाग झाले नाहीत. पोट महिनाभर खुंटीला होतं. मग शेजारच्या मालिकेतल्या सुनेला दिवस गेले, तेव्हा मास्तरांनी ते उसवून लहान केलं.