मिरचीचा ठसका

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर माणूस खोकला, तर कोणी मान वर करून पाहत नाही. लाल मिरची वाळत घातलेल्या त्या मैदानावर मी देखरेखीचं काम करतो. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात खोकला लागला, तेव्हा निदानासाठी डॉक्टरची गरज पडली नाही. ते मीच करून टाकलं.

उपचारही पथारीवरच सुरू झाले. शेठ म्हणाले, आल्याचा रस आणि मध घ्या. तोलणाऱ्याने अडुळशाचा काढा सांगितला. मी सगळ्यांचा मान राखला. घशाला बरं वाटायचं, खोकला मात्र शाबूत. तिसरा आठवडा लागला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पट्टा दोन भोकं आत गेला. शेठनी बारीक झाल्याबद्दल कौतुक केलं, ते मी नम्रपणे स्वीकारलं.

बायको रोज म्हणायची, "दवाखानामा चला."

"काही नही, मिरचीना ठसका शे," मी सांगायचो. बावीस वर्षांचा अनुभव माझा, तिला काय कळणार.

एका सकाळी ती माझा रुमाल घेऊन मोरीतून बाहेर आली. त्यावर लाल डाग होता. मी तयारच होतो. म्हणालो, मिरचीचा असेल.

"मिरचीना डाग ऱ्हाता ते मन्हा हात झोंबतात," ती शांतपणे म्हणाली. "हाई झोंबत नही."

त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठला. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला. क्षयरोग निघाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझी काढ्यांची यादी त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. "काका, मध-आल्याने घशाला आराम पडतो, त्यात चूक नाही. पण खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप येतोय, वजन उतरतंय, तर घरी बसायचं नाही. रक्त पडलं किंवा दम लागला, तर लगेच यायचं."

मी मान डोलवली, जणू मला हे ठाऊकच होतं.

बायकोचीही तपासणी झाली. तिला काही नव्हतं. ते ऐकून मला तिथेच रडू आलं.

गोळ्या सहा महिन्यांच्या. दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं आणि मी पुन्हा डॉक्टर झालो; म्हटलं, आता बंद करू. बायकोने वाद घातला नाही. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची आणि गोळ्या गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची.

शेवटची तपासणी स्वच्छ आली. शेठना मी सांगितलं, वेळेवर दवाखान्यात गेलो म्हणून वाचलो. बायको शेजारीच उभी होती.