गुलाबमामांना ऐकू न आलेली गाडी

गुलाबमामांना गाडी ऐकू आली नाही, कारण तिचा आवाज मीच घालवला होता.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझं अकोल्यात पातूर रोडला वर्कशॉप आहे. डिझेल गाड्या सीएनजीवर करून देतो. परतवाड्याच्या एका गॅरेजात रॉकेलमध्ये पार्ट धुण्यापासून सुरुवात केली. शिक्षण म्हणाल तर हे दोन कान. बोनेट न उघडता इंजिनचा आजार सांगतो, म्हणून लोक येतात.

ही बढाई वर्षभरात कुठं मारली नाही.

एका नगरपालिकेच्या सहा कचरागाड्या माझ्याकडे आल्या होत्या. गावाचं नाव लिहीत नाही.

पहिल्या गाडीसोबत दोघं आले. ड्रायव्हर शकीलभाई आणि कचरा उचलणारे गुलाबमामा. एकोणीस वर्षं जोडी. भांडणं अशी, की नवरा-बायको वाटावेत.

"या बुढ्ढ्याले आधी धुवून द्या भाऊ, मंग गाडीचं पाहू," शकीलभाई.

"अन् तू कोनता अत्तराचा कारखाना हायेस बे?" मामा.

मामांची एक सवय माझ्या लगेच लक्षात आली. ते गाडीकडे बघतच नसत.

पाठ गाडीकडे, तोंड कचऱ्याच्या डब्यांकडे. गाडी मागं यायला लागली की बरोबर बाजूला सरकायचे.

मी विचारलं, "मामा, डोळे मागं हायेत काय?"

"मी कापूसवाला मानूस भाऊ. कापसाच्या भावापुढं हात टेकले म्हनून कचऱ्यावर आलो. वावरात खाली वाकलो तरी बैल कुठं हाय ते त्याच्या गळ्यातल्या घाटीच्या आवाजावरून समजते. हिचंबी तसंच. पुढं जाते तवा येगळी बोलते, मागं येते तवा येगळी."

शकीलभाईंनाही याची इतकी सवय, की मागं घेताना ते आरशात बघत नसत. मामा हटतातच.

गाडीला रिव्हर्स हॉर्न होता. पण सकाळी सकाळी कटकट होते म्हणून गल्लीतले लोक ओरडले, आणि कुणीतरी त्याची वायर तोडून टाकली. कुणाचं काही अडलं नाही. डिझेल इंजिनच एवढं बोंबलायचं.

सिलिंडरचे ब्रॅकेट बसवताना ती तुटकी वायर माझ्या हातात आली.

मी बघितली.

टोकाला काळी टेप गुंडाळली आणि चेसिसला नीट बांधून ठेवली.

जोडायला दोन मिनिटं लागली असती. वर्क ऑर्डरमध्ये नव्हतं.

ट्रायलला साहेब लोक आले. चालू गाडीच्या डॅशबोर्डवर मी चहाचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला नाही, इंजिनचा आवाजही जवळजवळ नाही. टाळ्या. फोटो.

तो फोटो याच प्रोफाइलवर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलाय.

मामा दूर उभे होते. म्हणाले, "भाऊ, बैलाची घाटी काढल्यावानी झालं हे. मले समजूनच नाई राहिलं, गाडी कुठं हाय."

मी म्हणालो, "मामा, गाडी एकदम ओके हाये. तुमीच कान दाखवून या डॉक्टरले."

सगळे हसले. शकीलभाई सगळ्यात जास्त. मामा पण हसले, थोडं उशिरा.

अकराव्या दिवशी सकाळी, एका बंद गल्लीत शकीलभाईंनी गाडी मागं घेतली. मामा डबा उचलायला वाकले होते.

पाठ गाडीकडे.

मामा गेल्याचं कळल्यावर दवाखान्याच्या पायरीवर शकीलभाई एकच बोलत होते. "भाऊ, मैंने आरसा देखाच नहीं. कभी नहीं देखा. वो हट जाते थे ना."

चौकशीत मला रिव्हर्स हॉर्नचं विचारलं.

मी सांगितलं, "वायर गाडी आली तेव्हाच तुटलेली होती."

यात एक शब्द खोटा नाही. ती मी हातात धरली होती, हे सांगितलं नाही. मामा काय म्हणाले, तेही नाही.

दोष ड्रायव्हरचा निघाला. शकीलभाईंची नोकरी गेली. आता ते इथं जुन्या शहरात भावाच्या केळीच्या गाड्यावर बसतात.

पावसाळ्यात एकदा भेटले. केळी बांधता बांधता म्हणाले, "भाऊ, एक बात पूछूं? वो वायर आपने देखी थी क्या?"

"घाईत आहे शकीलभाई," म्हणालो. केळी घेऊन निघालो.

ती केळी घरी कुणाला देववली नाहीत. काळी पडली.

आता माझ्याकडची एकही गाडी रिव्हर्स हॉर्न वाजवून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. लोक म्हणतात, काय काळजीनं काम करतो हा माणूस.

इंजिन एकदम मऊ चालायला लागलं की मला वाटतं, मागं कुणीतरी वाकलंय. उतरून बघतो. कुणी नसतं. पुन्हा बघतो. कारागीर एकमेकांकडे पाहतात.

काल जुन्या शहरात गेलो.

शकीलभाईंनी काही विचारलं नाही. मीच म्हणालो, "देखी थी. टेप मीच मारली होती. अन् मामा बोलले तवा हसलोबी मीच."

ते केळीचे घड इकडचे तिकडे ठेवत राहिले. मग म्हणाले, "हसा तो मैं भी था."

आणि शेवटचा घड खाली ठेवून, "लिख के दोगे?"

सोमवारी आम्ही दोघं नगरपालिकेत जातोय. लेखी देणार आहे. टेप, मामांचं बोलणं, माझं उत्तर, सगळं. शकीलभाईंना नोकरी परत मिळेल की नाही, माहीत नाही. मला मिळणारं नगरपालिकेचं पुढचं काम बहुतेक जाईल.

चहाच्या ग्लासचा फोटो डिलीट करणार नाही. त्याच्याखाली ही पोस्ट टाकतोय.

मामा, तुमचे कान बरोबर होते.

श्रद्धांजली आज लिहीत नाही. सोमवारी, सही केल्यावर.