तिरंदाजचं मौन

आमच्या ह्यांचं नाव तिरंदाज. जन्मात कधी धनुष्य हातात धरलं नाही. सुटायचं ते फक्त तोंड. सकाळी कुत्र्याला पहिली भाकरी घालताना जे सुरू व्हायचं, ते रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत. ऐकायला माणूसच हवं असंही काही नाही. खेचर चालायचं, डाळिंबाचं झाड चालायचं. ताफ्तच्या बाजारात मीठ आणायला धाडलं की दिवस मावळता परत यायचे, साऱ्या बाजाराच्या बातम्या घेऊन आणि मीठ विसरून.

आणि गावाने होमाच्या पवित्र काड्या आणायला नेमला होता तो नेमका हा माणूस! काय म्हणावं?

होमाचं झुडूप आमच्या शीरकूह डोंगराच्या कड्यांवर खडक फोडून उगवतं. दिसायला काही नाही, नुसत्या हिरव्या काड्या, उलट्या धरलेल्या केरसुणीसारख्या. पण आमच्या अग्यारीचे मोबेद, म्हणजे धर्मगुरू, खोदायार त्या काड्या डाळिंबाच्या डहाळीबरोबर पितळी खलात घालून, प्रार्थना म्हणत कुटतात. त्याचं जे पाणी निघतं, ते जन्माला आलेल्याच्या ओठांना पहिलं आणि निघालेल्याच्या ओठांना शेवटचं. आईचं दूधसुद्धा त्याच्यानंतर.

आमच्या गावात तो आणायची रीत कडक. डोंगरावरच्या झऱ्यावर अंघोळ करायची, पांढरे कपडे घालायचे, कमरेचा पवित्र धागा सोडून पुन्हा बांधायचा. प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि मग काडीला विळा लावायचा. उरलेला अर्धा म्हणायचा तो अग्यारीत मोबेदांच्या हातात जुडी दिल्यावर. मधल्या वाटेत एक शब्द नाही, हुंकारही नाही. जुडी दोन्ही हातांनी छातीशी धरायची, म्हणजे खाणाखुणांचीही सोय नाही. बोललात, तर ती जुडी तिथेच झाडाखाली ठेवायची आणि परत वर जायचं.

"अहो मोबेदसाहेब, दुसरा कुणी मिळाला नाही का?" मी तेव्हा विचारलं होतं.

"मुक्याला मौन धरायला काय कष्ट पडतात, गोहरबाई?" ते म्हणाले. "ज्याला जड जातं त्यानेच आणावं."

आता खरं सांगते. मला त्या दिवसाची फार ओढ असायची. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यापुढे माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. पण होमाच्या दिवशी मी गावाबाहेरच्या अक्रोडापाशी उभी राहायची आणि तिथून अग्यारीपर्यंत ह्यांच्या शेजारून चालत सगळं बोलून घ्यायची. ह्यांचं घोरणं, ह्यांची बहीण, गळकं छप्पर आणि सगळ्यात शेवटी माझ्या आईचं तांब्याचं पातेलं. ते अकरा वर्षांपूर्वी घरातून नाहीसं झालं होतं. बहमन खेचरवाल्याने लांबवलं असं ह्यांचं म्हणणं, म्हणून अकरा वर्षं मी बहमनच्या बायकोशी बोलत नव्हते. आणि मला आपलं वाटायचं, ह्यांना याहून जास्त काहीतरी ठाऊक आहे. हे बिचारे लाल होऊन चालायचे, मिशा थरथरायच्या. अग्यारीतून बाहेर आले की घरी जाईस्तोवर एकेका तक्रारीला उत्तर. "पहिली गोष्ट, मी घोरत नाही!" तिथून सुरुवात. पातेल्यापाशी आले की मात्र ह्यांना नेमका खोकला यायचा.

तर त्या वर्षीची गोष्ट. आमची लेक फरंगीस बाळंतपणाला घरी आली होती. हिचं पहिलं बाळ ऐन हिवाळ्यात झालं होतं. डोंगर बर्फाने बंद, अग्यारीतली होमाची पेटी रिकामी. मुलगा नऊ दिवस जगला. तापाने गेला तो, मला ठाऊक आहे. पण आईच्या मनाला कोण समजावणार? "त्याला होम नाही मिळाला, आई," एवढं एकच ती दोन वर्षं म्हणत होती.

या वेळी पेटी भरलेली होती. पण अग्यारीचं छप्पर गळलं आणि काड्यांना बुरशी धरली. डाळिंबं उतरवून झाली की हे नवा होम आणणार, बाळाला अजून वीस दिवस आहेत, असा आमचा हिशोब. बाळाला कुठला हिशोब! पहाटेच फरंगीसच्या पोटात कळा सुरू झाल्या.

"बाबा," ती ह्यांचा हात धरून म्हणाली, "होम आल्याशिवाय मी बाळाला पाजणार नाही. सांगून ठेवते."

"अगं, हा गेलो आणि हा आलो!" म्हणत हे निघाले, चढावर दिसेनासे होईपर्यंत कुत्र्याशी बोलत. अर्ध्या वाटेवरून त्यांनी त्याला माघारी हाकललं.

दहाच्या सुमाराला मुलगी झाली. काय आवाज म्हणून सांगू! किश्वर सुईण म्हणाली, "गोहर, आजोबांवर गेली गं, आता तुझं काही खरं नाही." फरंगीस सोडून आम्ही सगळ्या हसलो. पण दुपार झाली तसा त्या रडण्याचा घसा बसत गेला. मी म्हटलं, "पाज गं, देव समजून घेईल." फरंगीसने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या झग्याची छाती दुधाने भिजली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरगी हट्टाला पेटलेली. कुणाची लेक शेवटी!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे वाटेत असणार. कुणी नुसतं "तिरंदाज, नात झाली हो!" म्हटलं की संपलंच. हा माणूस आनंदाने बोंब ठोकणार, जुडी झाडाखाली आणि स्वारी पुन्हा डोंगरावर. आणि दिवस मावळल्यावर होम कापत नाहीत, म्हणजे थेट उद्या. पोर रात्रभर उपाशी!

मी घरोघर फिरले. "खबरदार कुणी अवाक्षर काढाल तर! ते दिसले की भिंतीकडे बघा." बहमनच्या बायकोला सांगायला त्याच्या पोराला मध्ये घातलं. कुत्रा धावत जाऊन ह्यांच्या छातीवर उडी मारतो, म्हणून नाइलाजाने बहमनलाच म्हटलं, "त्याला दोरी बांध आणि माझ्या अंगणात आणून ठेव." सगळा बंदोबस्त चोख. स्वतःवर इतकी खूश होते मी!

अक्रोडापाशी जाऊन उभी राहिले. वरच्या वळणावर हे दिसले. पांढरे कपडे, छातीशी जुडी. मी ओठ घट्ट मिटले आणि ह्यांच्या बाजूने चालू लागले.

पाच-पंचवीस पावलं गेलो असू. सहज बघितलं तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. वाटेत शेतात उभी असलेली माणसं ह्यांना बघून माना फिरवत होती. हे माझ्याकडे वळून वळून बघत होते. मी नजर समोर ठेवली. मग हे एकदम थांबले. खाली आमच्या घराकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी बघितलं कुठे बघताहेत ते. बहमन आमच्या कुत्र्याला दोरीने ओढत आमच्या दारातून आत नेत होता.

आमच्यात घरात माणूस गेलं की कुत्र्याला दोरी बांधून आत नेतात, त्याची नजर त्या देहावर पडावी म्हणून. एरवी दारच्या कुत्र्याला दोरी कोण लावतो? सारं गाव गप्प, कधी न थांबणारी बायको गप्प, आणि घरात कुत्रा चाललेला. या माणसाने काय समजायचं? शेण खाल्लं होतं ते मीच.

ह्यांचे ओठ उघडले. 'फ' येणार होता, फरंगीसचा. मला दिसत होता तो.

"नात झाली" म्हणावं तर बोंब. गप्प राहावं तर हा प्रश्न. काय करू? देवाशपथ, तोंडातून आपोआप निघालं ते.

"उघडा, उघडा तोंड! घाला माती सगळ्यावर! सकाळी जाताना ओला पंचा गादीवर टाकून गेलात तो कुणी उचलायचा? रात्रभर घोरून त्या पोरीला झोपू दिलं नाहीत! तुमची ती बहीण आली आहे, आल्या आल्या म्हणते सरबतात साखर कमी आहे! आणि माझ्या आईचं पातेलं कुठे आहे? आज पोरीला शेक द्यायला, पाणी तापवायला मला ते हवं होतं, बाळंतिणीच्या घरात एक धड पातेलं नाही!"

ह्यांचे ओठ मिटले. डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. ज्या घरात लेक गेली, त्या घरची बाई पातेल्यावरून भांडत नाही, एवढं बत्तीस वर्षांत कळलं होतं म्हणायचं. मिशीचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि हा माणूस असा सुटला म्हणता, मला धावावं लागलं. मी धावत धावत भांडत होते, रडतही होते, आणि लोक भिंतीकडे तोंड करून हसत होते.

अग्यारीतून खलाचा आवाज आला, टण् टण्, तेव्हा कुठे सारं गाव बोलायला लागलं. पोरगी तोवर रडायचीही थांबली होती. मोबेदांनी दिलेल्या वाटीतला कापसाचा बोळा किश्वरने तिच्या ओठांवर पिळला. असं काही कडू तोंड केलं म्हणता! आणि लगेच फरंगीसने तिला उचलून छातीशी लावलं. ती चुटुचुटु प्यायला लागली. तो आवाज ऐकत फरंगीस दोन वर्षांनी हसली.

बाहेर सगळे ह्यांची वाट बघत होते. आता प्रार्थना पुरी झाली होती, मौन सुटलं होतं. बहमनने तर पैज लावली होती, आज हा पहाटेपर्यंत थांबत नाही म्हणून. हे आत आले, नातीकडे बघितलं, तिच्या मुठीला बोट लावलं. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी कमरेवर हात ठेवून तयारच होते. आता येणार, पहिली गोष्ट, मी घोरत नाही.

"गोहर," हे म्हणाले. "ते पातेलं माझ्याच हातून विहिरीत पडलं होतं गं."

दारात बहमन उभा. त्याच्या मागे त्याची बायको, माझ्या नातीसाठी लाडू घेऊन. अकरा वर्षांचं भांडण माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मला एक शब्द बोलता येईना.